कुंपणापलीकडची कीड

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘भिलाई पावर हाउस’ नावाचे एक स्थानक आहे. नाव ऐकून तेथे तारा, खांब आणि धुराडी ह्यांखेरीज काही नसावे असे वाटते. प्रत्यक्षात स्थानकाला लागून मोठा बाजार आहे आणि बाजाराच्या मागे, नंदिनी मार्गाच्या बाजूला, बैठ्या घरांच्या गल्ल्या आहेत. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन येथे पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या सुमारास भारताच्या सर्व प्रांतांतून जी माणसे येथे आली, त्यांनी आपापल्या भाषा आणल्या, देव आणले, आणि घरामागे चार हात जमीन मिळाली तेव्हा आपापली झाडेही लावली. छत्तीसगढीत घरामागच्या ह्या जागेला ‘बाडी’ म्हणतात. आपली ‘वाडी’ आणि ही ‘बाडी’ सख्ख्या बहिणी आहेत. दोघींचे मूळ संस्कृत ‘वाट’ ह्या शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ आहे कुंपण घातलेली जागा. बागेच्या नावातच कुंपण आहे, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

काही पावसाळ्यांपूर्वी ह्या भागातील एका वृद्ध गृहस्थांचा अर्ज माझ्यापुढे आला. गृहस्थ मूळचे भंडाऱ्याकडचे. सेवानिवृत्त होऊन येथेच स्थायिक झालेले. त्यांच्या शेजारणीच्या बाडीत भिंतीलगत शेवग्याचे एक जुने झाड होते. शेवग्यावर पावसाळ्यात केसाळ अळ्या पडतात. दिवसा त्या बुंध्यावर शेकड्यांनी एकमेकींस बिलगून बसतात, इतक्या की साल दिसेनाशी होते; रात्री वर चढून पाला खातात. त्यांचे केस अंगाला लागले की कातडी पेटते. ह्या अळ्या भिंत ओलांडून आल्या, अर्जदारांच्या नातवाच्या हातापायांना फोड आले, आणि दोन घरांमधले तीस वर्षांचे येणेजाणे एका आठवड्यात थांबले. अर्ज हिंदीत होता. त्यात ‘प्रतिवादीच्या मालकीच्या अळ्या’ असा शब्दप्रयोग होता. शेजारीण छत्तीसगढी. तिला बोलावून विचारले, तेव्हा तिने एका वाक्यात आपली सारी कैफियत मांडली : “मुनगा मोर आय साहेब, कीरा मोर नोहय.” शेवगा माझा, किडा माझा नव्हे.

मी सरकारी नोकर आहे. अर्जाचा निकाल लावणे माझे काम. परंतु ह्या बाईच्या वाक्याला उत्तर काय द्यावे, हे मला त्या दिवशी सुचले नाही. कीड कोणाच्या मालकीची? हा प्रश्न आपल्या पूर्वजांना पडला असलाच पाहिजे, अशा समजुतीने मी जुनी पुस्तके काढून बसलो. त्या वाचनाचाच हा वृत्तांत आहे.

आपल्या धर्मशास्त्रात शेजाऱ्याच्या जनावराने पीक खाल्ल्याचा विचार फार बारकाईने केलेला आहे. त्या प्रकरणाला ‘स्वामिपालविवाद’ असे नाव आहे; म्हणजे मालक आणि गुराखी ह्यांच्यासंबंधीचा वाद. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचे सविस्तर विवेचन आढळते. याज्ञवल्क्य म्हणतो, म्हशीने पीक खाल्ले तर आठ माष दंड, गाईला त्याच्या निम्मा, शेळीमेंढीला त्याच्याही निम्मा. आणि खाऊन झाल्यावर जनावर तेथेच आरामात बसले तर दंड दुप्पट! ह्या शेवटच्या कलमात ज्या कोणा शेतकऱ्याचा संताप साठवलेला आहे, तो हजार-दीड हजार वर्षांनंतरही ताजा वाटतो. उलट देवाच्या नावाने सोडलेला पोळ, नुकतीच व्यालेली गाय, वाट चुकून आलेले परके जनावर ह्यांना दंड नाही. कल्याणीच्या चालुक्य दरबारात, सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत, विज्ञानेश्वराने ह्याच याज्ञवल्क्यावर ‘मिताक्षरा’ लिहिली, आणि तीच पुढे शतकानुशतके महाराष्ट्राचे व्यवहारशास्त्र झाली. मनूने तर शेतकऱ्यावरही जबाबदारी टाकली. कुरणालगतच्या शेताला कुंपण असे हवे, की पलीकडून उंटाला डोकावता येऊ नये आणि कुत्र्याडुकराचे तोंड शिरेल एवढे भोकही त्यात राहू नये. कुंपण न घालता पीक उघडे टाकले आणि जनावरांनी ते खाल्ले, तर राजाने गुराख्याला शिक्षा करू नये.

हे सारे शहाणपणाचे आहे. परंतु ह्या इमारतीचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे जनावराला धनी असतो. म्हशीच्या पाठीमागे कोणीतरी उभा आहे आणि त्याच्या कमरेला कसा आहे, हे गृहीत धरूनच आठ माषांचा हिशेब चालतो. अळीच्या पाठीमागे कोण उभा आहे? तिला राखणारा नाही, दावण नाही, डाग दिलेला नाही. म्हणून उंदीर, टोळ, पोपट ह्यांची गणना शास्त्रकारांनी ‘ईती’त, म्हणजे अतिवृष्टी-अनावृष्टीच्या पंक्तीत केली. पावसाबद्दल शेजाऱ्यावर फिर्याद लावता येत नाही, तशी टोळांबद्दलही नाही.

आणि ईती म्हटली की ती राजाकडे गेली. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात दैवी आपत्तींवरील उपायांचा एक अध्याय आहे. आग, पूर, रोगराई, दुष्काळ, उंदीर, हिंस्र श्वापदे, साप आणि राक्षस अशा आठ आपत्ती तेथे मोजल्या आहेत. उंदीर माजले तर मांजरे आणि मुंगसे सोडावीत. ती कोणी पकडली किंवा मारली तर बारा पण दंड. आपला कुत्रा बांधून न ठेवणाऱ्यालाही तोच दंड, कारण तो ह्या सरकारी मुंगसांच्या मागे लागेल. फक्त रानात राहणाऱ्यांना त्यातून सूट. स्नुहीच्या, म्हणजे आपल्या दुधाळ निवडुंगाच्या, चिकात माखलेले धान्य पसरावे. ‘मूषिककर’ बसवावा. सिद्ध-तापसांकडून शांती करवावी, आणि पर्वकाळी उंदरांची पूजा करावी! टोळ, पाखरे आणि किडे ह्यांच्याबाबतही हेच उपाय समजावेत, असे त्याने पुढे म्हटले आहे. १९०९ साली शामशास्त्र्यांनी म्हैसूरहून हा ग्रंथ छापला, तेव्हा लोकांचे लक्ष हेरगिरी आणि मंडल-सिद्धांत ह्यांकडे गेले. माझ्यासारख्या कनिष्ठ राज्यकर्त्याला मात्र त्यातली मांजरे अधिक जवळची वाटली. विष, कर, प्रार्थना आणि पूजा हे चारही उपाय एकाच दमात सांगणारा मंत्री कोणत्याही काळात पंचाईतीत सापडलेलाच असणार.

त्याच ग्रंथात आणखी एक बारीकसा दुवा आहे. घर, शेत, बाग, बांध ह्यांविषयीचे वाद शेजाऱ्यांच्या साक्षीवर सोडवावेत, असा नियम कौटिल्याने घालून दिला आहे, आणि शेजाऱ्यासाठी त्याने वापरलेला शब्द आहे ‘सामंत’. ज्याची सीमा आपल्या सीमेला भिडते तो सामंत. पुढे हा शब्द घोड्यावर बसून मांडलिक राजा झाला. परंतु मुळात तो भिंतीपलीकडचा माणूस होता.

राजा दूर आणि अळी जवळ, अशी स्थिती असते तेव्हा लोक आपला मार्ग काढतात. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींच्या मिरवणुका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत सुरू झाल्या आणि त्या आजही निघतात. खेड्यापाड्यांत मात्र मारबत हा साधा कुळाचार आहे. पहाटे उठावे, मोठ्याने हाका घालीत घरातली रोगराई, ढेकूण, पिसवा, किडामुंगी सारे मारबतीच्या हवाली करावे आणि तिला गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकावे. लहानपणी मला ह्यात फार आनंद वाटे. वय वाढल्यावर लक्षात आले, की गावाच्या शिवेबाहेर जे असते ती दुसऱ्या गावाची शीव असते. तेही गाव त्याच पहाटे आपली मारबत घेऊन आपल्याच दिशेने निघालेले असते. दोन मारबती वाटेत भेटल्या तर काय होत असेल, हा प्रश्न मी आजीला विचारला होता. तिने मला गप्प बसवले.

आता जी हकीकत सांगावयाची आहे ती मात्र लोकाचाराची नव्हे, साम्राज्याची आहे. आणि तिचा नायक एक कुंपण आहे.

फड्या निवडुंग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पंज्यासारखे जाड हिरवे फड, त्यांवर काट्यांचे झुबके, आणि वर तांबडी बोंडे. पुण्याच्या नाना पेठेतील ज्या विठोबाकडे तुकोबांची पालखी मुक्कामाला उतरते, त्याचे नावच निवडुंग्या विठोबा. निवडुंगाच्या रानात मूर्ती सापडली म्हणून. तेव्हा हे झाड ह्याच मातीतले, अशी कोणाचीही समजूत व्हावी. परंतु फड्या निवडुंग अमेरिकेतला आहे, आणि युरोपीयांच्या जहाजांबरोबर तो आपल्याकडे आला. कौटिल्याने उंदरांना घातलेला चीक ह्याचा नव्हे. तो निवडुंग वेगळ्याच कुळातला आणि दुधाळ. मराठीने दोघांना एकच नाव देऊन टाकले, एवढेच.

दख्खनच्या शेतकऱ्याला हे झाड देवाने पाठवल्यासारखे वाटले. दगड उचलावा लागत नाही, पाणी घालावे लागत नाही. एक फड मातीत खुपसला की तीन वर्षांत मनूचा उंटसुद्धा डोकावणार नाही असे कुंपण तयार. परंतु कुंपणाने कुंपण म्हणूनच राहावे हे ह्या झाडाला मान्य नव्हते. तुटून पडलेला प्रत्येक फड रुजतो; पक्षी बोंडे खाऊन बी शेजारच्या रानात टाकतात. एकाने बांधावर लावलेला निवडुंग दुसऱ्याच्या वावरात, तेथून गायरानात, तेथून गावकुसाभोवती पसरला. त्यात साप राहू लागले, डुकरे राहू लागली. ज्याने लावला त्याला विचारावे तर तो म्हणणार, मी माझ्या बांधावर लावला. तुझ्या वावरात मी आलो नाही. शेवग्याच्या खटल्यात ऐकलेले वाक्यच हे, फक्त दोनशे वर्षे जुने.

ह्या झाडावर पहिला घाव घातला गेला तो चुकून. मेक्सिकोतील निवडुंगांवर जगणाऱ्या एका किड्यापासून उत्तम तांबडा रंग मिळत असे, आणि त्याचा मक्ता स्पेनकडे होता. किरमिजी ह्या आपल्या शब्दाच्या पोटात ‘कृमी’ दडला आहे तो अशा रंगकिड्यांमुळेच. शिपायांचे तांबडे डगले रंगविणाऱ्या इंग्रजांना हा किडा आपल्या मुलखात हवा होता. मद्रासेस डॉ. जेम्स अँडरसन ह्यांनी त्यासाठी निवडुंगाची बाग केली. १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाच्या अधिकाऱ्याने ब्राझीलमधील रिओहून किडे आणून कलकत्त्यास उतरविले. पुढे उमगले, की हा खरा किरमिजी किडा नव्हे. त्याचा गावठी भाऊबंद. रंग हलका निघाला आणि कंपनीचा धंदा बुडाला. परंतु ह्या भाऊबंदाने निवडुंगाची एक जात उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून जवळजवळ खाऊन संपवली. हे पाहून १८३६ ते १८३८च्या दरम्यान तो मुद्दाम दक्षिणेत नेण्यात आला आणि तेथेही त्याने तेच केले. एका सजीवाने दुसऱ्या सजीवाचा उपद्रव आवरावयाचा, ह्या आज जगभर चालणाऱ्या शास्त्रात तणांपुरता हा पहिला यशस्वी प्रयोग मानला जातो. आणि त्याच्या मुळाशी रंगाच्या व्यापारातली फसगत आहे.

दख्खन आणि दक्षिणेत पसरलेल्या दुसऱ्या एका जातीला मात्र हा किडा शिवेना. ती आणखी शतकभर वाढत राहिली. ह्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तोच तंटा न्यायालयात गेला होता. ऑस्ट्रेलियात निवडुंग पोचला तो १७८८ साली, पहिल्या वसाहतवाल्यांच्या ताफ्याबरोबर, ब्राझीलहून आणि पुन्हा त्या किरमिजी रंगाच्याच आशेने. शंभर वर्षांत त्याने तेथे मुलूख व्यापला. न्यू साउथ वेल्समधील एका जमीनमालकाने शेजाऱ्यावर फिर्याद लावली, की तुमचा निवडुंग वाढून सीमेवरच्या कुंपणावर आला आणि त्यापासून माझे नुकसान झाले. ‘स्पार्क विरुद्ध ऑस्बर्न’ ह्या नावाने हा खटला १९०८ साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे गेला, आणि निकाल फिर्यादीच्या विरुद्ध लागला. जमिनीत आपोआप उगवणाऱ्या वस्तूबद्दल जमिनीच्या धन्याला जबाबदार धरता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. ह्याच्या अठरा वर्षे आधी इंग्लंडमधील ‘जाइल्स विरुद्ध वॉकर’ ह्या खटल्यातही हेच ठरले होते. तेथे शेजाऱ्याच्या नांगरलेल्या रानात काटेरी तण माजले, त्याची म्हातारी वाऱ्यावर उडून फिर्यादीच्या शेतात रुजली, आणि न्यायाधीशांनी फिर्याद काढून टाकली. पावर हाउसच्या आमच्या छत्तीसगढी बाईने इंग्लंडचा कायदा वाचला नव्हता. परंतु १८९० साली तिच्या बाजूने निकाल होऊन गेला होता.

तथापि कायद्याने एक दार उघडे ठेवले होते. उपद्रव आपोआप झालेला नसून कोणाच्या करणीने ओढवला असेल तर गोष्ट वेगळी. १९१४ सालच्या एका इंग्रजी खटल्यात एका मळेवाल्याने खताचे ढीग एवढे साठवले होते, की शेजाऱ्यांच्या घरात माश्यांचे थवे येऊ लागले. न्यायालयाने त्याला मनाई केली. माशी त्याची नव्हती, पण ढीग त्याचा होता. कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या माडांच्या बागा आहेत त्यांना हे चटकन पटेल. माडाचा कोवळा सुईसारखा पाला कातरणारा गेंडाभुंगा खताच्या खड्ड्यात आणि कुजक्या खोडात वाढतो. खड्डा एकाच्या आवारात असतो आणि माड दुसऱ्याच्या. पुढे १९८० साली इंग्लंडच्याच अपील न्यायालयाने जाइल्सच्या निकालाविषयी स्पष्ट शंका व्यक्त केली आणि म्हटले, की आपल्या जमिनीतून शेजाऱ्यावर संकट येत आहे हे माहीत असूनही स्वस्थ बसणारा सर्वस्वी निर्दोष नाही. मात्र त्याच्या ऐपतीप्रमाणे जेवढे करणे शक्य, तेवढेच त्याच्याकडून मागता येईल.

परंतु निवडुंगाचा निकाल न्यायालयात लागला नाही. फिर्यादींनी तो हटत नाही हे पाहून ऑस्ट्रेलियाने १९१२ साली तज्ज्ञांचे एक मंडळ जगप्रवासास पाठविले. ते ह्या निवडुंगाचे शत्रू शोधत हिंदुस्थानातही येऊन गेले. पुढे अमेरिका खंडातून नवे किडे नेण्यात आले. अर्जेंटिनातून १९२५ साली नेलेल्या एका पतंगाच्या अळीने तर क्वीन्सलंडमधील लक्षावधी एकर जमीन मोकळी केली, आणि तेथील बूनार्गा ह्या खेड्यात लोकांनी त्या अळीच्या नावाने एक सभागृह बांधले. न्यायाधीशांच्या नावाने बांधल्याचे ऐकिवात नाही. ऑस्ट्रेलियात नेलेल्या रंगकिड्यांपैकी एक जात सिलोनमार्गे १९२६ साली हिंदुस्थानात आली, आणि आपल्याकडच्या चिवट निवडुंगाला अखेर तिनेच गाठले. पाच-सहा वर्षांत दक्षिणेतील विस्तीर्ण रान मोकळे झाले. पांढऱ्या कापसासारखे पुंजके फडांवर दिसत, बोटाने चिरडले की रक्तासारखा रंग निघे, आणि महिन्यांत कुंपण लोळागोळा होऊन जमिनीवर पडे. ज्याला निवडुंग नको होता त्याचेही रान सुटले. आणि ज्याला आपले कुंपण हवे होते त्याचेही कुंपण गेले. किड्याने सीमा विचारली नाही.

ह्याच काळात कायदेमंडळांनाही उमगले, की दोन शेजाऱ्यांना न्यायालयात उभे करून कीड मरत नाही. १९१४ साली परदेशांतून येणाऱ्या किडी-रोगांना बंदरावर अडविण्याचा केंद्रीय कायदा झाला. मद्रास प्रांताने १९१९ साली, तर मुंबई प्रांताने १९४७ साली शेतीवरील कीड-रोगांचे स्वतंत्र कायदे केले. ह्या जातीच्या सर्व कायद्यांचा सांगाडा सारखा असतो. एखादी कीड अमुक मुलखात उपद्रवी आहे असे सरकार जाहीर करते. मग त्या मुलखातील प्रत्येक कब्जेदाराने ठरलेला उपाय करावयाचा. न केल्यास अंमलदार आत शिरून तो करतो आणि खर्च जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतो. कीड कोणाची, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. जमीन कोणाच्या ताब्यात आहे, एवढेच विचारले आहे. कौटिल्याचा मूषिककर वेगळ्या वेषात परत आला, असे मला वाटते.

ह्या मार्गानेही तंटे मिटतातच असे नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले गाजरगवत देशभर पसरले. त्यावर उपाय म्हणून मेक्सिकोतील एक भुंगेरा १९८३ साली बंगळूरला आणून पुढच्या वर्षी मोकळा सोडण्यात आला. त्याने काम चोख केले. परंतु १९९१ साली तो सूर्यफुलाच्या शेतात दिसला आणि शेतकऱ्यांनी सरकारकडेच तक्रार केली, की तुमचा किडा आमचे पीक खातो. चौकशीसाठी समिती नेमावी लागली. सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे पराग पडलेले असतील तर त्या वासाने तो फसतो, एरवी सूर्यफूल त्याचे अन्न नव्हे, असे अखेर निष्पन्न झाले. म्हणजे ज्या गल्लीत अळीला मालक नव्हता, त्याच देशात एका भुंगेऱ्याला मात्र मालक सापडला होता, आणि तो मालक आम्ही होतो.

आता पावर हाउसकडे परत जाऊ. माझ्या हातात कायद्याचे जे कलम होते, ते १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १३३ होते, १९७३च्या संहितेत १३३च राहिले, आणि २०२३च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झाले आहे. ते सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. एका घरापासून दुसऱ्या घराला होणाऱ्या त्रासासाठी दिवाणी न्यायालयाची वाट दाखवावी लागते. तसे लिहून अर्ज परत करता आला असता. परंतु दिवाणी दाव्याचे आयुष्य शेवग्याच्या झाडापेक्षा मोठे असते, हे मी अनुभवाने जाणतो. म्हणून श्रावणातल्या एका रविवारी मी स्वतः जाऊन पाहिले. बरोबर कृषी विभागातील एक तरुण कर्मचारी घेतला होता.

त्याने आधी बुंधा पाहिला, मग भिंत पाहिली, आणि मग अर्जदारांच्या परवानगीने त्यांच्याच आवारात, भिंतीच्या पायथ्याशी साठवलेला पालापाचोळ्याचा ढीग काठीने उसकटला. खालच्या भुसभुशीत मातीत कोश सापडले. एक नव्हे, ओंजळभर. ह्या अळ्या पोसून झाल्या की झाडावरून उतरतात आणि मातीत, कचऱ्यात कोश करतात. त्यांतून पतंग निघून पुन्हा शेवग्यावर अंडी घालतात. अर्जदारांनी गुलाबांच्या खतासाठी मोठ्या निगुतीने जपलेला तो ढीग होता. अळ्या शेजारणीच्या झाडावर जेवत होत्या आणि अर्जदारांच्या घरी झोपत होत्या. म्हातारबुवा बराच वेळ त्या कोशांकडे पाहत उभे राहिले. शेजारीण भिंतीपलीकडून पाहत होती. ती हसली नाही, ह्याचे मला आजही कौतुक वाटते.

छत्तीसगढच्या खेड्यांत पेरण्या झाल्या की गाव एकत्र बसते आणि त्या दिवसापासून कोणी गुरे मोकळी सोडावयाची नाहीत, असे ठरवते. त्याला ‘रोका-छेका’ म्हणतात; २०२० साली राज्य सरकारने ह्या जुन्या रिवाजाला मोहिमेचे रूप दिले होते. कोणाची गाय कोणाच्या शेतात गेली, ह्याचा हिशेब मागाहून करण्यापेक्षा सर्वांनी एकाच दिवशी आपापली गुरे बांधणे सोपे. ते नाव त्या शेजारणीनेच काढले. गल्लीत आणखी पाच घरी शेवगा होता, हे तोवर कोणी मोजलेच नव्हते. एका दिवशी सर्व बुंध्यांना पलिते लावून अळ्या जाळावयाच्या, आणि त्याच दिवशी सर्वांनी आपापले पाचोळ्याचे ढीग उपसावयाचे, असे भिंतीच्या दोन्ही बाजूंनी उभ्याउभ्या ठरले. माझ्या कारकिर्दीतील हा एकमेव निर्णय असेल, ज्याचा कागद झाला नाही.

पलित्यांच्या घासलेटाचे पैसे कोणी द्यावयाचे ह्यावर थोडी बाचाबाची झाली, आणि ती माझ्यासमोर झाली असल्याने लवकर मिटली. त्या पावसाळ्यात पुन्हा अळ्या दिसल्या नाहीत. माघात झाडाला शेंगा आल्या, तेव्हा एक जुडी भिंतीवरून अर्जदारांकडे पोचली, असे मला नंतर कळले.

अर्ज मात्र त्यांनी मागे घेतला नाही. मी निरोप पाठवून विचारले, तेव्हा त्यांचे उत्तर आले, की राहू द्यावा साहेब, पुढचा पावसाळा जाऊ द्यावा.